उलटी बादली, समुद्राच्या तळाला

५ डिसेंबर
आबांचा फोन, चारा छावणीतून. बैलं तिथंच हायेत. कारखाना यंदा पेटणार न्हाई. पाऊस न्हाई, ऊस न्हाई, गाळणार काय. म्हणले, "कर्नाटकात तोडीला जायचं. जोडीला तू ये." म्हणलं, आधी बादली बसू द्या.
त्यांना वाटलं पाण्याची बादली.
घराएवढी लोखंडी हाय. तोंड खाली, बूड वर. समुद्राच्या गाळावर ठेवायची, आतलं पाणी पंपानं ओढायचं, आपोआप रुतती. तिच्यावर वारं मोजायचा मनोरा. घण न्हाई, सुरुंग न्हाई. पाटोद्याकडं पवनचक्कीसाठी सुरुंग उडवले तवा मेंढरं लई दिस बुजत होती. इथं मासळीला पत्ता बी लागत न्हाई म्हणे.
बुडाची सगळी वेल्डिंग माझी! रफिकभाईंनी (आमचे मिस्त्री, अंबाजोगाईचे) दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई. गळली तर रुतणार न्हाई. मग मी परत ऊसतोडीला.

९ डिसें.
इज्जत गेली. खाडीत चाचणी. बादली सोडली तर बुडंना. बदकावानी तरंगली, मग कलली. आतली हवा निघायला बुडावरचा कॉक, नळासारखाच असतो, उघडा ठेवायचा असतो. मी बंद केलता.
"कामून बंद केला रं?"
"उघडा दिसला भाई. पाणी वाया जाईल वाटलं..."
"कुणाचं? समुद्राचं?"
सगळे हसले. आमच्या गावच्या कुणाचाबी हात गेला असता तिथं. र.भाई म्हणले, समुद्रात जाताना बोटीवर येऊ नको.

१० डिसें.
पुन्हा चाचणी. ह्या वेळी बरोबर टेकली. कॉक बंद, पंप चालू. घोट घोट खाली सरकली. कुठंच गळती न्हाई. माझा जोड!!
र.भाईंनी पाठीत धपाटा घातला. "चल बोटीवर. पण कॉकला हात मी लावणार."

१४ डिसें.
समुद्रात. सकाळपासून ओकतोय, तरी खुश. बादली तळाला टेकली, पंप चालू. आवाज विहिरीवरल्या मोटारीएवढा. डॉल्फिन शेजारून गेले, बुजले न्हाईत. र.भाई म्हणतात, मनोऱ्याचं काम संपलं की आत पंपानं पाणी दाबायचं, बादली वर येती. तळ मोकळा.
रेंज हाय अजून. आबांचा फोन.
"ते दिसणार कुणाला, पाण्याखाली?"
"कुणालाच न्हाई."
"मग छावणीत सांगू तरी काय?"
"सांगा, पोरानं केलंय."
आबा हळूच म्हणले, "तोडीचा मुकादम बसलाय समोर. तुझं नाव घालू का न्हाई?"
बघितलं. निम्मी रुतली होती.
म्हणलं, आबा, त्याला चहा पाजा, तवर पुरी रुतंल.