ओनोरियोची पाहुणी

ओर्मासेदा,
गुरुवार, १२ मार्च

प्रिय विसी,

तुझं पत्र मंगळवारच्या टपालाने पोचलं. तुम्ही सगळे बिल्बाओत खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. तुझ्या जावयाची कंबर आता कशी आहे? त्याला सांग, उन्हात बसत जा, औषधं काय आयुष्यभर आहेतच. इकडे आम्ही ठीक. थंडी अजून हटत नाही. चुलीपुढून उठवत नाही आणि उठल्याशिवाय भागत नाही.

तुझ्या गायनमंडळातल्या बायकांना ईस्टरच्या आठवड्यात इथे यायचंय म्हणतेस. पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या आहेत. घळीतून नदीकाठची वाट, गिधाडांचा कडा, वर सांता मारिनाच्या कपेलीत प्रार्थना, जमलं तर धरणात होड्या वल्हवायच्या, अशी तू यादीच पाठवलीस. हौस दांडगी आहे बायकांची! घळीत सध्या पाणी जास्त आहे, दगडांवरून पलीकडे जाताना बूट भिजतात. कपेलीची किल्ली या वर्षी फेर्मिनाकडे आहे. ती बारच्या गल्ल्याखाली ठेवते आणि कुणी मागितली की आधी एक कॉफी प्यायला लावते. होडीवाला एप्रिलशिवाय उगवत नाही.

फक्त ओनोरियो वाट दाखवायला त्यांच्याबरोबर येऊ शकणार नाही. तुझ्या या भावाचा गुडघा दुखतोय. वाटांवर पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत, बायका त्या बघत बघत आपल्या आपण जातील. नाहीतर तू त्यांना दुसरं एखादं गाव सुचव. या खोऱ्यात गावं काही कमी नाहीत आणि गिधाडं तर सगळीकडे सारखीच.

माळावरच्या मेंढ्या व्यायला लागल्या आहेत. क्रिसांतोच्या एका मेंढीला तिळं झालं. तो बारमध्ये असा सांगत होता की जणू त्यानेच कळा सोसल्या. आणखी काय लिहू? चुलीवर लसणीचं सूप आहे, ते उतू जाईल. बाकी नंतर लिहिते.

शुक्रवार, सकाळी

विसी, काल लिहिलेलं वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. ओनोरियोचा गुडघा ठणठणीत आहे. तो माझ्यापेक्षा भरभर डोंगर चढतो.

फोनवर हे तुला सांगता येत नाही. फोन स्वयंपाकघरात आहे आणि ओनोरियो दिवसभर तिथेच माझ्यासमोर बसलेला असतो. नाताळात तू आलीस तेव्हा त्याने तुला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. तू हसलीस, मीही हसले. मी तुझ्या आधीपासून हसत होते, विसी. शरद ऋतूपासून. चष्मा ब्रेडच्या डब्यात सापडला तेव्हा हसले, पाहुण्यांना एकच कथा जेवताना तीनदा सांगितली तेव्हाही हसले. आता हसायचा कंटाळा आलाय.

गेल्या शनिवारी वालेन्सियाचं एक जोडपं उतरलं होतं, दोघेही शाळेत शिकवणारे. ओनोरियो त्यांना घेऊन पठारावर गेला. नेहमीचीच वाट, मेंढ्यांच्या जुन्या वाड्यापर्यंत जायचं आणि जेवायच्या वेळेला परत. अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. जेवणाची वेळ टळली तरी पत्ता नाही, तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन क्रिसांतोला घंटा वाजवायला लावली. ती हरवल्याची घंटा शहरात राहून तू विसरली नसशील. दोन ठोके, मग थांबायचं, मग पुन्हा दोन. पठारावर कुणी धुक्यात अडकलं असेल त्याने आवाजाच्या रोखाने चालत यायचं, आणि गावात ज्याला पाय आहेत त्याने कंदील घेऊन शोधायला निघायचं.

थोड्या वेळाने ते जोडपं आलं. दोघंच. आणि खुशीत होते! बाई मला म्हणाली, "किती छान प्रथा आहे तुमची! तुमच्या यजमानांनी सगळं समजावलं."

"ते कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते म्हणाले, हरवल्याची घंटा वाजतेय, म्हणजे कुणीतरी वर अडकलंय. तुम्ही आवाजाकडे जा, मी त्याला शोधून आणतो."

कळलं ना? आयुष्यभर ती घंटा ऐकली की हा माणूस टोपी घालून शोधायला बाहेर पडला. घंटा आपल्यासाठी वाजत असेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. मी जितकी जोरात वाजवायला लावत होते, तितका तो गावापासून लांब जात होता. क्रिसांतोचे हात सोलवटले. शेवटी मीच म्हटलं, थांबव बाबा.

गावातले सगळे निघाले. सगळे म्हणजे किती ते तुला माहीतच आहे. तो कड्याच्या अगदी टोकाशी सापडला. खाली घळ, आणि हा दोन्ही हात तोंडाशी धरून धुक्यात ओरडत होता, "घाबरू नकोस! मी आलोय!"

क्रिसांतोने त्याला मागून मिठीच घातली. "अरे गाढवा, आम्ही तुलाच शोधतोय!"

"मला कशाला? मी तर इथेच आहे," हा म्हणाला. मग त्याच्याकडे नीट बघून अदबीने विचारलं, "आपण कुणाच्या घरचे?"

पाळण्यापासूनचा दोस्त. दोघांनी एका दिवशी शाळा बुडवली, एका दिवशी मार खाल्ला. क्रिसांतोने सांगितलं, "मी खालच्या आळीतला," आणि त्याचा दंड धरून घरी आणलं. माझ्या अंगणात बसून तो रडला. ओनोरियो नव्हे, क्रिसांतो.

तेव्हापासून गाव ओनोरियोची समजूत घालतंय. बारमध्ये गेला की विचारतो, "तो वर अडकलेला सापडला का?" फेर्मिना गल्ल्यामागून ओरडते, "सापडला की! तुझ्यामुळे वाचला. सूप पिऊन आपल्या गावी गेला, आभारसुद्धा मानले नाहीत मेल्याने." मग सगळे हसतात आणि हाही खूश होतो. चांगली माणसं आहेत. पण संध्याकाळी ती आपापल्या घरी जातात. मी दार आतून लावून किल्ली उशीखाली घेऊन निजते, आणि तो उठला की मी उठते.

खाली तालुक्याच्या गावी ननांचा वृद्धाश्रम आहे. एक खोली रिकामी होतेय. सिस्टर बेनिग्ना म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवा, मागे रांग आहे. त्याची सख्खी बहीण तू एकटीच, म्हणून तुला विचारायला हवं. हेच विचारायला मी काल बसले होते आणि मेंढीच्या तिळ्याचं लिहीत सुटले.

काल सकाळचंही सांगायचं राहिलं. आकाश अगदी निवळलेलं होतं. मी भांडी घासत होते. ओनोरियो दारात येऊन उभा राहिला. दाढी केलेली, टोपी हातात.

"बाई, नाश्ता झाला का?" मला विचारलं. "बूट आहेत ना बरोबर? आजच्यासारखी हवा पुन्हा मिळायची नाही. चला, तुम्हाला गिधाडांचा कडा दाखवतो."

आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचे डोळे पाहिले. ते पाहुण्यांसाठीचे डोळे होते. मी हात पुसले, एका पाहुणीचे राहिलेले जुने बूट घातले आणि निघाले. त्याला एकट्याला कसं सोडणार?

विसी, लग्न होऊन या गावात आल्यापासून मी कधी त्या कड्यावर गेले नव्हते. सांता मारिनाच्या जत्रेला कपेलीपर्यंत जाते, पण तेही हंडे-पातेल्यांबरोबर. बाकी सगळी वर्षं मी इतरांच्या जेवणाची पुडकी बांधली आणि परतल्यावर त्यांच्या तोंडून ऐकलं की काय सुंदर आहे हो.

तो एकदाही वाट चुकला नाही. ओढ्यापाशी माझा हात धरला, पाहुण्यांचा धरतात तसा, कोपरापाशी. कुठल्या कपारीत कुठलं घरटं, कुठे पूर्वी मधाची पोळी असत, कुठल्या दगडावर चढून तू लहानपणी भोकाड पसरलं होतंस, सगळं सांगितलं. तुझं नाव बरोबर घेतलं. मग कड्यावर बसलो. गिधाडं आमच्या खालून उडत होती. त्यांची पाठ पाहायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरंच सुंदर आहे गं.

मी विचारलं, "तुमच्या बायकोला आणता का इथे?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "नाही आणलं कधी. ती कामात असते. आणि खरं सांगू का बाई, तिला हे गाव कधी आवडलंच नाही. माझ्यासाठी राहिली. मला कळत होतं. पण विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, म्हणून मी विचारलं नाही."

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तुलाही नाही, माझ्या आईलाही नाही. मला वाटत होतं मी फार छान लपवलंय. रडू आलं ते त्याने पाहिलं आणि म्हणाला, "वर वारा झोंबतो, सगळ्यांचेच डोळे भरतात."

तर, विसी, शुक्रवारी मी सिस्टर बेनिग्नांना हो म्हणणार आहे. तू नको म्हटलंस तरी. रागाव हवं तर. मी थकले आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही आणि शोधायचं त्राणही नाही. आश्रमाजवळ मी खोली भाड्याने बघेन आणि रोज जाईन.

गायनमंडळाला नाही कळव. तू मात्र ये, एकटी, शुक्रवारच्या आत. चांगले बूट आण. आपण कोण हे त्याला सांगायला जाऊ नकोस, तो विचारेल तेवढंच सांग. मग तो तुला जिथे नेईल तिथे जा.

त्याने मला उद्या आठ वाजता तयार राहायला सांगितलंय. आता मला थांबायला हवं, बूट अजून ओले आहेत, चुलीपाशी वाळत घालायचेत.

तुझी वहिनी,
आणि अजून काही दिवस तुझ्या भावाची पाहुणी,
कासिल्दा