घाटाच्या गल्लीत सायकल

सांगली, ता. ३ मार्च १९४६

तीर्थरूप आबा आणि आई यांच्या पायांवर अंजनाचं डोकं. मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होतं. बयाबाई आत्याचा खोकला थांबला का?

आबा, नगरपालिकेनं आम्हा सुईणींना सायकली दिल्यात आणि दोन महिने झाले, मी सायकलवर फिरते. कळवायचं धाडस होत नव्हतं, पण आज आनंद पोटात मावेना.

मागं एकदा घाटाच्या गल्लीतल्या खड्ड्यात चाक अडकून मी पडले. फार लागलं नाही. तशीच पळत त्याच गल्लीतल्या रंगुबाईंच्या घरी बाळंतपणाला पोचले, म्हणून त्यांची सून आणि नात दोघी वाचल्या.

मग निवडणूक आली. रंगुबाईंचं घर त्यांच्याच नावावर, म्हणून त्यांना मत आहे. भर सभेत त्या आमच्या वॉर्डाच्या जुन्या मेंबराला म्हणाल्या, “आवं, सुईणीची सायकल जाईल असा रस्ता कवा करताय?”

तो हसला. “बाईमाणसानं सायकलवर बसावंच कशाला?”

“तुमच्या सुनंला कळा लागल्या की कळंल!” असं म्हणून रंगुबाई उठल्या, आणि सभेतल्या झाडून साऱ्या बायका त्यांच्या मागून निघाल्या.

तो निवडणुकीत पडला, आबा! निवडून आलेल्या लालासाहेबांनी काल गल्लीत मुरूम टाकून रूळ फिरवला आणि मला म्हणाले, “बाई, पयली तुमी चालवून बघा.” पाय न टेकता मी थेट नदीपर्यंत गेले. दारादारांत बायका टाळ्या वाजवत होत्या.

रागवायचं असेल तर इथं या, मला सायकलवर बघा आणि मग रागवा.

तुमची लेक,
अंजना