कोणी, कोणाला

८ डिसेंबर, सोमवार
भिमीने आज पुन्हा मारलं. सातवीतल्या लडकूला — ओठ फुटला. हेडसर म्हणाले, "बाई, शनिवारी तिच्या आईला बोलवा. दाखला घेऊन जाऊ दे."
सहावीतली मुलगी. दुसरी शाळा आटगावच्या बाजूला, आठ किलोमीटर. म्हणजे तिची शाळा संपलीच.

९ डिसेंबर
भांडणांची नोंदवही घरी आणली. जूनपासून चौदा. रकाने आखले — तारीख, वेळ, जागा, कोणी, कोणाला. कोणी? भिमी, भिमी, भिमी! पण वेळ एकच: मधली सुट्टी. जागा एकच: खिचडीची रांग. आणि बुधवारी एकही नाही.
भूक असणार. उपाशी येत असेल.

११ डिसेंबर, गुरुवार
भिमीला रांगेत पहिली उभी केली. तिने ताट भरून घेतलं, खाली ठेवलं, मागे गेली आणि एकाला ढकललं. पंधरा!
खिचडी शिजवणाऱ्या गुणाबाई हसल्या. "भूक कसली, बाई! बुधवारी माझी जोडीदारीण शहापूरला भाजी विकायला जाते. तवा भिमीच वाढते. हातात वाढायचा डाव असला का पोर गुमान."
सहा महिने मी तिथेच उभी असते. पाहिलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
तिची आई धोंडीबाई आली, मजुरी बुडवून. "आता तरी सांग गो, का मारतेस?" भिमीने दप्तर आईच्या हातात दिलं.
मी सरांपुढे रकान्यांचा कागद ठेवला. म्हटलं, डाव रोज तिच्या हाती द्या.
"मारकुट्या पोरीला बक्षीस?" मग कागद बराच वेळ पाहिला. "दहा दिवस. एक जरी नोंद झाली, तर दाखला."

१९ डिसेंबर
शून्य.

२२ डिसेंबर, सोमवार
शून्य. लडकू दुसऱ्यांदा ताट घेऊन आला. भिमी म्हणाली, "पोट हाय का पिंप रे तुझं?" सगळी हसली. तोही.

२३ डिसेंबर
भिमी तापाने घरी. रांगेत आरडाओरडा. दुसरीतली गंगी लडकूच्या हाताला चावली! वर्षभरात तिचा आवाज ऐकला नव्हता मी.
"का गं?"
"मोठी पोरा आमाला मागं ढकलतात. मंग खिचडी उरत नाय. भिमी त्यांना हाणते. आज ती नाय ना."
हेडसर ऐकत होते. दाखल्याचं पुस्तक कपाटात ठेवून आले.
नोंदवहीत सहावा रकाना आखला — कोणासाठी.