कानबाईचा चौरंग आणि यशोदाच्या पाठीचे स्क्रू

जळगाव, भाद्रपद

ती. सौ. धुरपदावहिनींस,

छगनचा नमस्कार. तोही उभ्यानेच, कारण या घरात सध्या वाकायला सगळ्यांनाच बंदी आहे. दादांचा खोकला कसा आहे? धुळ्यात पाऊस झाला असेल, तर थोडा इकडे ढकला.

यशोदाच्या पाठीची हकीकत तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी पोचली असेल, म्हणून सलग लिहितो. चैत्रात पुण्याच्या डॉक्टरांनी तिचे दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना जोडले. वजन उचलायचे नाही, हे त्यांनी तीनदा बजावले. श्रावणात कानबाईदेवी बसायची होती. विसर्जनाला आमच्याकडची कानबाई कोण डोक्यावर घेणार, असे मी हळूच विचारले, तर यशोदा म्हणाली, ‘‘कानबाई मना डोकावर येस, तुम्ना डॉक्टरना नही.’’ पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. (सायकलवर पाइप विकून मी दुकान उभे केले, पण बायकोपुढे माझा भाव अजून सायकलवाल्याचाच आहे.) मग मी अक्कल चालवली. शिसवी पाटाऐवजी प्लास्टिकच्या पाइपचा हलका चौरंग बनवला. कानबाई त्यावर बसली, विसर्जनाला यशोदा ती डोक्यावर घेऊन वाजंत्रीपुढे नाचलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिला उठवेना.

मांडवात तुम्ही शेजारच्या कौतिकच्या आईला म्हणालात, ‘‘देवीले प्लास्टिकवर बसाडं, ती कोपावनारच.’’ मी ऐकले. त्याचे काही नाही, पण यशोदानेही ऐकले.

आता डॉक्टरांचे ऐका. त्यांनी एक्स-रेचे दोन फोटो काचेवर शेजारी शेजारी लावले. कानबाईनंतरच्या फोटोत स्क्रूभोवती काळी कडी स्पष्ट आहे, म्हणजे स्क्रू सैल झाले. पण आषाढातल्या फोटोतही तीच कडी आहे, केसासारखी बारीक. तेव्हा ना चौरंग होता, ना नाच. डॉक्टर म्हणाले, स्क्रूत खोट नाही, यांचे हाडच आतून भुसभुशीत झाले आहे, या वयात पुष्कळ बायकांचे होते, ते स्क्रू धरून ठेवत नाही. आता जाड स्क्रू घालून भोवती हाडाचे सिमेंट भरायचे. त्यावर यशोदा म्हणाली, ‘‘सिमेंट? मी काय हौद शे का?’’ डॉक्टर हसले. मला हसू आले नाही. असेच राहिले तर पायातली ताकद जाईल, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले होते.

बाकी क्षेम. दादांना नमस्कार.

आपला,
छगन

ता. क. मुद्दा लिहायचा राहिला. ऑपरेशन बुधवारी आहे आणि यशोदा नाही म्हणते. देवी कोपली असताना पाठ उघडायची नाही, म्हणते. मी एक्स-रेचे फोटो दाखवले, तर ती बघत नाही. तुमचे अर्धे वाक्य तिला पुरेल. येऊन एवढेच म्हणा, की कानबाई कोपलेली नाही. मी लिहिले हे सांगू नका.

ता. क. दुसरा. सांगितले तरी चालेल. तिने पत्र वाचून घेतले. मग म्हणाली, ‘‘कानबाईनं नाव मी आसंच लिधं. माले त्या टेबलवर झोपानं भ्याव लागस.’’ भीती वाटते असे बावीस वर्षांच्या संसारात तिने मला आज पहिल्यांदा सांगितले. बाकीचे तुम्हाला सांगायचे म्हणते. वहिनी, देवीचे काही बोलू नका. नुसत्या या. पत्र घेऊन येणारा अभिमन आपला टेम्पोवाला आहे. त्याने पुढची सीट मोकळी ठेवली आहे, आणि तुम्ही लुगडे बदलेपर्यंत तो थांबेल.