एकाच ओळीत दोघी

१६ मार्च, रविवार

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी, ४ मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझा फोन बंद पडला. तक्रार पहिल्याच वाक्यात मांडावी, असं आमच्या शाळेतल्या नन शिकवत. तू बरा असशील. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुमच्या कंपनीच्या खिडकीवर तीनदा जाऊन आले. तिथली पोरगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "आजी, हा ग्राहक वारलाय."

"मग दोन मिनिटं उभी राहा!"

बिचारी खरंच उठायला लागली.

त्याच सकाळी तू आईच्या मृत्यूचा दाखला जोडून तिचा नंबर बंद करायला दिलास. ते बरोबरच. पण ग्राहकांचा सगळा तक्ता तुझ्या हाताखाली. एका ओळीखाली दोन नंबर, त्यातला दुसरा माझा, तुला लहानपणापासून पाठ, आणि तू न बघता सही ठोकलीस? हेच शिकवलं का मी?

असो. भांडायचाही कंटाळा आलाय.

तुझी आई आणि मी, दोघी एका ओळीत कशा गेलो, ते शोधत बसू नकोस. ते मी केलं. मी तिथे नोकरीला असताना एक ग्राहक शोधायला चाळीस सेकंद लागत. एकाच माणसाच्या चार-चार नोंदी. मी नियम घातला: आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळला की माणूस एकच. शोध दोन सेकंदांवर आला. साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी येऊन ऐटीत सांगितलं, तर तुझी आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "आणि आपण गं?"

नवऱ्याचं घर सोडून, माहेरचं आडनाव लावून, तुला कडेवर घेऊन ती माझ्याकडे राहायला आली होती. जुळी बहीण समोर बसलेली, आणि मी म्हटलं, "लाखात एखादी जोडी. तेवढं चालतं."

ती नुसती हसली. पुढे दोघींची बिलं एकाच पाकिटात यायला लागली, तर आम्ही खूश, सोय झाली म्हणून. शाळेतही नन आम्हाला ओळखू शकत नसत. एकीच्या चुकीला दोघींना बाकावर उभं करत. तेव्हा निदान ती शेजारी असायची.

खिडकीवरची पोरगी नवा नंबर देते म्हणते. मला नको. ती ओळ फोड. तिची नोंद तिच्या नावाने बंद कर, माझी माझ्या नावाने चालू कर. आणि तो नियम काढून टाक. लागू देत चाळीस सेकंद.

शेजारीण तिचा फोन देत होती. मी घेतला नाही. दर रविवारी तू फोन करायचास. हे दोन रविवार तू लावलास आणि लागला नाही, की आई नाही म्हणून लावलाच नाहीस, हे तुझ्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही.

म्हणून उत्तर लेखी हवं, ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात. त्यात दोनच गोष्टी लिही: नंबर कधी सुरू होतोय, आणि त्या दोन रविवारी तू तो फिरवला होतास की नाही.

तुझी, कागदोपत्री दिवंगत,
मावशी