बाबलीकाकाच्या दुकानाची भिंत

बाबा,

तुमी बागेत गेलास म्हणान लिवन ठेवतंय. कट्टा गावातल्या मेडिकलात आज माझी ट्रेनिंगची नोंदणी आसा. ती झाल्याशिवाय फार्मासिस्टचा लायसन मेळाचा नाय. पेज चुलीर झाकलेली आसा. प्रेशरची गोळी पेजेनंतरच घेवा, आधी न्हय.

बाबलीकाकाक तुमी शब्द दिलास, माझा लायसन तेच्या औषधांच्या दुकानाच्या भिंतीर टांगतला आणि चेडू, म्हणजे मी, घराकडेच रवतला. ता माका कळला. राग नाय, बाबा. धाकट्या भावाक नाय म्हणूक तुमका कधी जमलाच नाय.

पण सोमवारी देवळात देवाक माझ्यासाठी गाऱ्हाणा घालतास, तेच्यात येवढा वाढवा: ‘जंय लायसन टांगतला, थंय चेडूच बसतला, म्हाराजा!’

मगे रीतीपरमाण सगळ्या गावाबरोबर काकाकय ‘व्हय म्हाराजा’ म्हणूकच लागतला.

तुमची नमू