वातीखालची वाटी

३ मार्च

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार. मोडलेल्या पायाला उतार असेल. आत्याला सळो की पळो करून सोडू नका.

काचघराची बातमी बरी नाही. काकडीच्या पानांच्या कडा करपल्यात. भिंतीवरचे दोन्ही तापमापक सदा एकमेकांइतकाच आकडा दाखवतात. तुमच्या तक्त्याप्रमाणे याचा अर्थ आर्द्रता शंभर टक्के. म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवते, तरी शंभर ते शंभरच. महिनाअखेर तुम्ही काचघर मला द्यायचं की विकायचं ते ठरवणार. लपवावंसं वाटलं, पण जमलं नाही. मला भीती वाटते.

या पत्रानंतरही लोभ राहावा.
तुमची पुतणी,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. आत्याच मला सळो की पळो करते, आणि पळायला पाय कुठे आहे?

दोनच प्रश्न. सकाळी आत शिरताना चष्म्यावर वाफ धरते का? आणि दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला गुंडाळलेल्या वातीखालच्या वाटीत पाणी कधी घातलंस?

उत्तर लवकर दे, रागावलेलो नाही.
काका

११ मार्च

ती. काकांस,
सा. नमस्कार. वाफ एकदाही धरली नाही. वाटी पाइपामागे सापडली, कोरडी ठणठणीत. तुम्ही दिलेल्या कामांच्या वहीत खत, फवारणी, बिजागऱ्यांचं तेल, सगळं आहे. वाटी नाही.

पाणी घातलं. वात भिजली, तिचं पाणी उडून गारवा आला तसा तो तापमापक बावीसवर उतरला, शेजारचा बत्तीसवरच. तक्ता म्हणाला, चाळीस टक्के. कोरड्या हवेला मी आणखी वाळवत होते. आता खिडक्या अर्ध्या लावल्या, सावलीची जाळी ओढली, वाटांवर पाणी शिंपडलं. सत्तरपर्यंत आलंय. काकडीच्या तीन ओळी मात्र गेल्या.

काचघर विकत घेणाऱ्याला खुशाल हो म्हणा, मला वाईट वाटणार नाही. हे खोटं आहे, तरी लिहिते.
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. तीस वर्षं सकाळच्या चहाआधी मी ती वाटी भरत आलो. हाताला सवय, डोक्याला पत्ता नाही, म्हणून वहीत आलंच नाही. त्या तीन ओळी माझ्या नावावर.

हवेतलं पाणी तेवढंच असलं तरी दुपारी हवा तापली की टक्का घसरतो. तेव्हा आकडा दिवसभर एका जागी बसला, तर आधी यंत्र तपासायचं.

घेणारा काल येऊन गेला. काही बिघडलं तर मला कळवशील का, एवढंच मी त्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला कशाला त्रास? त्याला नाही म्हटलं.

वाटीचं तेवढं पहिल्या पानावर लिहून टाक. वही आता तुझी आहे.

पत्रं थांबवू नकोस.
काका